गावाचा पाण्याचा ताळेबंद

गावाचा पाण्याचा ताळेबंद म्हणजे एखाद्या गावाच्या किंवा लहान पाणलोट क्षेत्राच्या हद्दीत वर्षभरात पावसाने आलेले पाणी, त्यातून वाहून गेलेले, बाष्परूपाने उडालेले, मातीत ओल म्हणून राहिलेले व भूगर्भात मुरलेले पाणी, आणि माणसे, जनावरे व पिके यांना लागणारे पाणी यांचा जमाखर्चाच्या रीतीने मांडलेला हिशेब होय. पावसाळा सरताना, म्हणजे सप्टेंबरअखेर वा ऑक्टोबरमध्ये, हा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा आणि त्यावरून रब्बी व उन्हाळी पिकांखालील क्षेत्र ठरवावे, अशी त्यामागील कल्पना आहे. हवामानशास्त्र, भूशास्त्र, मृदाशास्त्र, कृषिविद्या, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या निरनिराळ्या शाखांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन पुराव्याच्या आधारे निर्णय घेण्यास साहाय्य करावे, याचे महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील, हे एक महत्त्वाचे उदाहरण आहे.

संज्ञा

‘पाण्याचे अंदाजपत्रक’, ‘जलताळेबंद’ आणि ‘पाणी ताळेबंद’ या संज्ञा बोलण्यात व सरकारी कागदपत्रांत एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. वस्तुतः त्यांत भेद आहे. अंदाजपत्रक पुढच्या काळाचे असते, ताळेबंद झालेल्या व्यवहाराचा असतो. गणितात ‘ताळा पाहणे’ म्हणजे आलेले उत्तर दुसऱ्या मार्गाने पडताळून घेणे. हा अर्थ ध्यानात घेतला तर ‘ताळेबंद’ हा शब्द अधिक नेमका ठरतो, कारण ज्याचा ताळा पाहता येत नाही असा पाण्याचा हिशेब फारसा उपयोगाचा नसतो.

पार्श्वभूमी

१९७२-७३ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात पाणलोट विकासाची कामे मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. रोजगार हमी योजनेतून नालाबांध, पाझर तलाव व बांधबंदिस्ती झाली. १९७० च्या दशकारंभी स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून निरीक्षण विहिरींचे जाळे उभारले. या विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजली जाते. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने (नेमणूक १९९५, अहवाल १९९९) नदीखोरे व उपखोरे हे नियोजनाचे एकक मानून पाण्याचा विचार केला. तथापि उपखोऱ्याचा हिशेब गावाच्या कामी येत नाही. दोन शेजारी गावांपैकी एकात मे महिन्यापर्यंत विहिरींना पाणी राहावे आणि दुसऱ्यात जानेवारीतच टँकर लागावा, हा मराठवाड्यातील नित्याचा अनुभव आहे.

गावपातळीवरील हिशेबाला महाराष्ट्रात स्वतःची परंपरा आहे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात ‘पाणी पंचायत’ हा प्रयोग केला. साळुंखे हे व्यवसायाने अभियंता व उद्योजक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावे (माणशी अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर), उसासारखे पीक घेऊ नये आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क असावा, असे त्याचे नियम होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामसभेत पावसाची नोंद वाचून पीकनियोजन करण्याची प्रथा रुजली. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास तेथे मनाई आहे. जालना तालुक्यातील कडवंची येथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम केले. हे गाव पुढे द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध झाले.

हिशेबाची मांडणी

मूळ गणित अगदी सोपे आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी पडले. समजा, एका कल्पित गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आहे आणि त्या वर्षी ६०० मिलिमीटर पाऊस झाला. एकूण जमा ६० लक्ष घनमीटर. त्यातील १२ लक्ष नाल्यांतून वाहून गेले, ३५ लक्ष पिके, गवत, झाडे व उघडी जमीन यांतून उडून गेले, ७ लक्ष पावसाळ्याअखेर मातीत ओल म्हणून राहिले आणि ६ लक्ष भूगर्भात मुरले. वाहून गेलेल्या बारापैकी ३ लक्ष बंधाऱ्यांत अडले असे धरू. भूजल व साठा मिळून ९ लक्ष होतात, पण त्यातील सुमारे तिसरा हिस्सा नाल्यात झिरपून वा उन्हाने उडून जातो. हाती राहतात ६ लक्ष घनमीटर.

आता खर्च. गावची वस्ती दोन हजार. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे ४०,००० घनमीटर लागतात. एक हजार जनावरांना रोज ५० लिटरप्रमाणे आणखी १८,००० घनमीटर. दोन्ही मिळून ५८,००० च्या आसपास. सिंचनाच्या गव्हाला हेक्टरी सुमारे ४,००० घनमीटर पाणी लागते. म्हणजे सगळ्या गावाने आणि गुरांनी वर्षभर प्यायचे, वापरायचे पाणी हे साधारणतः पंधरा हेक्टर गव्हाच्या पाण्याइतकेच आहे! पिण्याच्या पाण्याची टंचाई ही बहुधा पिण्याने होत नाही, एवढे तरी या त्रैराशिकावरून कोणालाही पटावे.

पिण्यासाठी राखून उरलेल्या सुमारे ५.४ लक्ष घनमीटरांत १३५ हेक्टर गहू निघेल. हेक्टरी २,००० घनमीटरांत येणारा हरभरा घेतला तर २७० हेक्टर भिजेल. सुमारे २०,००० घनमीटर घेणारा ऊस लावला तर केवळ २७ हेक्टर. ग्रामसभेपुढील निर्णय हा एवढाच आणि एवढा मोठा आहे. १३५, २७० आणि २७ या आकड्यांमागे निरनिराळ्या संख्येची कुटुंबे उभी असतात.

ताळा कसा पाहतात

वरच्या उदाहरणातील प्रत्येक आकडा वादग्रस्त ठरू शकतो. केंद्रीय भूजल मूल्यमापनाच्या पद्धतीत (१९८४, १९९७ व २०१५ च्या समित्यांनी ती वेळोवेळी सुधारली) बेसाल्ट खडकात मुरणाऱ्या पावसाचे प्रमाण खडकाच्या प्रकारानुसार सुमारे ७ ते १३ टक्के धरतात. आपल्या कल्पित गावात याचा अर्थ ४.२ लक्ष की ७.८ लक्ष घनमीटर, असा होतो. फरक ३.६ लक्षांचा, म्हणजे ९० हेक्टर गव्हाचा! कागदावर सहा टक्क्यांचा दिसणारा हा फरक शिवारात एखाद्या वाडीचे पीक राखतो किंवा वाळवतो.

म्हणून दुसऱ्या मार्गाने पडताळणी करतात. पावसाळ्याआधी व नंतर विहिरींची पातळी मोजून वाढ काढतात आणि तिला खडकाच्या विशिष्ट जलदेयतेने (खडकाच्या एकूण आकारमानापैकी जेवढे पाणी तो उपशाला देऊ शकतो, त्या प्रमाणाने) गुणतात. कुजलेल्या वा सच्छिद्र बेसाल्टात हे प्रमाण अवघे एक ते तीन टक्के असते. दोन टक्के धरल्यास विहिरीत तीन मीटर पाणी चढले म्हणजे जमिनीत प्रत्यक्षात सहा सेंटिमीटर पाणी मुरले. काठोकाठ भरलेली विहीर पाहून ‘यंदा पाणीच पाणी’ असे म्हणणाऱ्याची फसगत येथे होते, कारण वाळूच्या थरातील तीन मीटर आणि दख्खनच्या काळ्या खडकातील तीन मीटर यांत फार अंतर आहे. पावसावरून काढलेले आणि विहिरींवरून काढलेले उत्तर यांत २० टक्क्यांहून अधिक फरक पडला तर मापनाचा फेरविचार करावा, असा दंडक आहे.

निरनिराळ्या शास्त्रांचा सहभाग

या हिशेबात प्रत्येक शास्त्राला दुसऱ्याच्या उत्तरावाचून पुढे जाता येत नाही. पावसाचा आकडा हवामानशास्त्राचा. पूर्वी तो तालुक्याच्या एका पर्जन्यमापकावरून घेत. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यातील २,००० हून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे बसल्यापासून तो मंडळाचा मिळू लागला. पडलेल्या पावसापैकी किती वाहिला हे ठरवण्यासाठी मुंबई इलाख्यातील अभियंता स्ट्रेंज यांचा जुना तक्ता अद्यापही वापरात आहे. तो चांगले, मध्यम व वाईट असे पाणलोटाचे तीनच प्रकार मानतो. मृदाशास्त्रज्ञांचा त्याला आक्षेप असा की, एकाच गावात माथ्यावरची चार बोटे मुरमाड जमीन आणि नाल्याकाठची पुरुषभर खोल काळी जमीन यांचे वर्तन एका तक्त्यात बसत नाही. शिवाय साठ मिलिमीटर पाऊस एका रात्रीत पडला की सहा दिवसांत, याने उत्तर पालटते. मातीचे व भूमिवापराचे नकाशे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोकडून आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडून मिळतात. पिकाला कोणत्या अवस्थेत किती पाणी लागते हे परभणी व राहुरीच्या कृषी विद्यापीठांतील कृषिविद्यावेत्ते सांगतात.

भूशास्त्रज्ञाचे काम सर्वांत कमी दिसणारे आणि बहुधा सर्वांत निर्णायक असते. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार झाले. त्यात सच्छिद्र, कुजलेला मांजऱ्या खडक पाणी धरतो, तर घट्ट काळा पाषाण भेगा असल्या तरच पाणी देतो. जलधराची, म्हणजे पाणी धरणाऱ्या थराची, सीमा गावाच्या सीमेशी जुळत नाही. त्यामुळे एका गावाने अडवलेले पाणी दुसऱ्या गावच्या विहिरींत निघते. पुण्याच्या ‘अॅक्वाडॅम’ या संस्थेने (स्थापना १९९८) जलधराचा नकाशा काढून तो गावकऱ्यांना समजावून देण्यावर भर दिला. ‘वॉटर’ या संस्थेने जालना जिल्ह्यातील गावांतही पाण्याचे अंदाजपत्रक व जलसुशासनाचे काम केले आहे.

पोकरा प्रकल्पातील प्रतिमान

या सहकार्याचा सर्वांत मोठा प्रयोग नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (‘पोकरा’) झाला. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या या प्रकल्पात मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांसह १५ जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे निवडण्यात आली. जालना जिल्हा त्यांत होता. गावाचा ताळेबंद काढण्याचे प्रतिमान भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे तयार झाले. संस्थेतील ग्रामीण तंत्रज्ञानविषयक केंद्राने (‘सितारा’) त्यात पुढाकार घेतला. या केंद्राच्या पाणीविषयक कामाशी दीर्घकाळ निगडित असलेले मिलिंद सोहोनी हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक आहेत, ही गोष्ट या विषयाचे आंतरविद्याशाखीय स्वरूप पुरेसे स्पष्ट करते.

या प्रतिमानात पावसाळ्याच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब होतो. त्या दिवशी पडलेला पाऊस, वाहिलेले पाणी, पिकाने घेतलेले पाणी, मुळांच्या थरात उरलेली ओल आणि त्याखाली उतरलेले पाणी असा क्रम असतो. यातून एक वेगळीच संख्या हाती आली, ती म्हणजे पिकाची तूट. जुन्या हिशेबात खरिपाचा विचार जवळजवळ नव्हता. पाऊस आहे तर पीक आहे, असे गृहीत धरले जाई. पण ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उघडीप पडली तर खोल काळ्या जमिनीतील कपाशी तग धरते आणि हलक्या जमिनीतील सोयाबीन करपते. वर्षाची सरासरी गाठलेल्या गावातही त्या शेतकऱ्याचा हंगाम गेलेला असतो. सरासरीने झाकलेला हा शेतकरी दैनिक हिशेबाने दिसू लागला. एक-दोन संरक्षित पाण्यांची गरज कोणत्या शिवाराला आहे, तेथे शेततळे हवे की बांधबंदिस्ती, हे त्यावरून सांगता येते.

प्रत्यक्ष माहिती मात्र कृषी सहायक, तलाठ्याकडील पीकपेरा आणि गावातील समूह सहायक यांच्याकडूनच यावी लागते. कोणत्या बंधाऱ्यात गाळ किती, कोणता नाला फुटला, कोणाच्या विहिरीला डिसेंबरनंतर पाणी राहत नाही, हे उपग्रहाला कळत नाही.

भोकरदन परिसर

जालना जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत भोकरदन तालुका आहे. पूर्णा, केळना व गिरजा या नद्यांचे हे क्षेत्र असून पाऊस साधारणतः ६०० ते ७०० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. मिरचीचे पीक ताळेबंदाची कसोटी पाहणारे आहे. लवकर तोडा यावा आणि बाजार चांगला मिळावा म्हणून येथील अनेक शेतकरी एप्रिल-मेमध्ये आच्छादन व ठिबकावर लागवड करतात. वर्षाच्या एकूण पाण्यात या लागवडीचा वाटा मोठा नसतो, कारण ठिबकामुळे पाणी बेतानेच लागते. परंतु ते लागते नेमके विहिरी तळाला गेलेल्या महिन्यांत. त्यामुळे वार्षिक ताळेबंद शिलकीचा असूनही मे महिना तुटीचा, असे घडू शकते. ऑक्टोबरमधील एकच बेरीज-वजाबाकी अशा गावांना पुरत नाही. महिनावार हिशेब हवा, आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवतीचा उपसा स्वतंत्रपणे पाहायला हवा.

दुसरीकडे, मिरची लावू नका असे सांगणे सोपे असले तरी कापूस-मक्याच्या भावावर ज्यांचा संसार चालत नाही त्यांना नगदी पैसा देणारे हेच पीक आहे. मजुरी, वाहतूक, किरकोळ व्यापार असा मोठा पसारा त्यावर उभा आहे. हा मुद्दा जलतज्ज्ञाच्या कोष्टकात येत नाही, तो अर्थशास्त्राने आणायचा असतो. जिल्ह्यातील मोसंबीच्या बागांची गोष्ट याच्या उलट आहे. मिरची एखाद्या वर्षी कमी लावता येते, पण बाग एका वर्षासाठी थांबवता येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, तेव्हा अनेक वर्षांची गुंतवणूक एका उन्हाळ्यात गेली. फळबागेचा निर्णय हा चांगल्या पावसाच्या वर्षाच्या ताळेबंदावर घेऊ नये, असे अभ्यासक सांगतात ते यामुळेच.

मर्यादा व मतभेद

ताळेबंदातील सर्वांत कच्चा दुवा म्हणजे उपसा. अनेक शेतीपंपांना मीटर नाहीत. त्यामुळे जमेची बाजू कितीही काटेकोर काढली तरी खर्चाची बाजू पीकपेऱ्यावरून अंदाजानेच भरावी लागते. पीकपेरा चुकला की सर्व चुकले. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंद करतो, पण ती नोंद विमा व अनुदान यांच्याशीही जोडलेली असल्याने केवळ पाण्याच्या हिशेबासाठी ती निर्मळ मानता येत नाही.

दुसरा दोष दुहेरी मोजणीचा. सिमेंट नालाबांधात अडलेले पाणी ‘साठा’ म्हणून एकदा आणि मुरल्यावर ‘पुनर्भरण’ म्हणून पुन्हा मोजले जाते. अस्तर घातलेल्या शेततळ्यांबाबत तर अभ्यासकांचा आक्षेप अधिक मूलभूत आहे. पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी असलेली ही तळी अनेक ठिकाणी विहिरीच्या पाण्याने भरली जातात, म्हणजे सामाईक भूजल उपसून ते एकाच्या मालकीच्या साठ्यात ठेवले जाते. शिवाय उन्हाने उडते ते वेगळेच. बागायतदार यावर म्हणतो की तळे नसते तर बाग जळाली असती. दोन्ही म्हणणी खरी आहेत. कोणत्या कुटुंबांच्या विहिरी त्यामुळे लवकर आटल्या हे मोजल्याखेरीज वाद मिटत नाही, आणि हे मोजण्यासाठी भूशास्त्रज्ञाइतकाच घरोघर जाणारा समाजशास्त्रज्ञ लागतो.

पुरावा असणे आणि तो निर्णयात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात प्रत्येक गावाचा आराखडा व पाण्याचा हिशेब अपेक्षित होता. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात, सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याच्या दृष्टीने स्वयंपूर्ण होण्यावर व भूजलपातळी वाढण्यावर फारसा परिणाम झाला नसल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. तपासलेल्या १२० गावांपैकी ८३ गावांत निर्माण झालेला साठा आराखड्यातील गरजेला अपुरा होता. अनेक गावांत ताळेबंद हा कामे मंजूर करून घेण्यासाठी जोडावयाचा कागद ठरतो. आधी बंधाऱ्यांची संख्या ठरते, मग ती योग्य ठरेल असा हिशेब बसवला जातो. गणिताच्या वहीत उत्तर पाहून मागे रीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासारखाच हा प्रकार होय.

कायद्याचे पाठबळ काही प्रमाणात आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून अमलात आला. ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत आणि अधिसूचित क्षेत्रांत पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीने भूजल वापर व पीकयोजना तयार करण्याची तरतूद आहे. पण शेजाऱ्याच्या कूपनलिकेविरुद्ध तक्रार करणे गावात कोणालाही नको असते.

सक्तीविना हे साधते का, याचे बहुचर्चित उदाहरण आंध्र प्रदेशातील आहे. २००३ साली तेथील सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या भूजल व्यवस्थापनाचा प्रकल्प सुरू झाला. शेतकरी स्त्री-पुरुष स्वतः पर्जन्यमापक वाचत, विहिरी मोजत आणि रब्बीपूर्वी पाण्याचे अंदाजपत्रक सर्वांसमोर मांडत. कोणते पीक घ्यावे याची सक्ती नव्हती. जागतिक बँकेच्या २०१० मधील अभ्यासाने उपसा घटल्याची नोंद केली, पुढे झालेल्या फेरतपासणीत मात्र हे परिणाम तितके ठळक आढळले नाहीत. विहिरीची पातळी वाचण्याचे कौशल्य गावात राहणे आणि प्रकल्पाचा निधी संपल्यावरही कोणीतरी दर पंधरवड्याला फीत घेऊन विहिरीवर जाणे, यांतील दुसरी गोष्ट अधिक अवघड ठरते. महाराष्ट्रात काही गावांत हे काम ‘जलसुरक्षक’ करतात. पर्जन्यमापकाची व निरीक्षण विहिरीची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. तो आकडा रोज डोळ्यांपुढे असलेल्या गावात ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हिशेबावर प्रश्न विचारले जातात.